तवा तुमचा, घासणार कोण?

ताई, सा. न.

मी ५२ वर्षांचा, कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीला. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डोळे वटारले तेव्हापासून सायकल चालवतो. आम्ही सहा जण दर रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. कधी खडकवासला, कधी सिंहगड, कधी बोपदेव घाट. सुरुवातीला गप्पा गिअर, टायर आणि गुडघ्यांच्या असायच्या. आता त्या स्वयंपाकघरात शिरल्या आहेत. एक जण कॉफीच्या कच्च्या बिया आणून घरी कढईत भाजतो. एका मैत्रिणीचं मेतकूट असं असतं की आम्ही ते नुसतं चमच्याने खातो. एक जण मावळातल्या शेतकऱ्याकडून इंद्रायणी तांदूळ आणून आम्हा सगळ्यांत वाटतो. मला वेड लागलंय ते बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्याचं आणि दह्याचं. बोहरी आळीतून साडेतीन किलोचा तवा आणला, दुधासाठी थर्मामीटर आणला. (घरातला जुना लोखंडी तवा सध्या माळ्यावर ठेवलाय.)

आता अडचणी. एक, व्हिडिओ पाहून तव्याला जवसाच्या तेलाचे सहा हात दिले, तरी टोमॅटो आम्लेट चिकटतं आणि काळे पोपडे निघतात. दोन, डिसेंबरपासून दह्याला तार येते. दूध मोजून ४३ अंशांवर विरजतो, तरीही. तीन, ग्रुपमधला एक तरुण म्हणतो, "काका, आपण सायकल चालवायला येतो की भिशीला?" चार, मागच्या आठवड्यात भांडी घासणाऱ्या मावशींनी तारेच्या घासणीने तवा घासून पार पांढरा केला. मी जरा बोललो. तर बायको माझ्यावरच उखडली. म्हणाली, "चोवीस वर्षं मी पोळ्या केल्या, कुणी फोटो काढला नाही. तुम्ही एक आम्लेट उलटलंत तर सहा जणांना पाठवलंत." तेव्हापासून घरात जेवढ्यास तेवढं बोलणं चालू आहे. छंद असणं हा गुन्हा आहे का?

— तवेवाला, कोथरूड

तवेवाले,

तुम्ही चार अडचणींना आकडे घातलेत आणि पाचवी कंसात टाकलीत. कंसाकडे मी शेवटी येते. आधी तवा, कारण तो उत्तराची वाट बघत गंजत असेल.

जवसाचं तेल बिडावर वार्निशासारखं वाळतं. कडक, काळं, चकचकीत. व्हिडिओत ते इतकं देखणं दिसतं ते त्यामुळेच. पण तो थर ठिसूळ असतो, आणि हात जाड दिला की पापुद्रे सुटतात. तुम्ही सहा हात दिलेत आणि प्रत्येक हात सढळ दिला असणार, कारण माणूस नवीन वस्तूला तेल लावताना कंजुषी करत नाही. आता गंमत बघा. पोपडे सुटलेल्या तव्याची दुरुस्ती सुरू होते ती तो मूळ बिडापर्यंत घासून काढण्यापासून. म्हणजे जे काम तुम्हाला दोन रविवार पुरलं असतं, ते मावशींनी एका सकाळी केलं आणि वर बोलणी खाल्ली.

तवा गॅसवर ठेवून खडखडीत वाळवा. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल जेमतेम चमचाभर घ्या, फडक्याने सगळीकडे चोळा, कडांना आणि पाठीलासुद्धा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि तेल लावलं ही चूकच झाली अशा भावनेने ते पुसून काढा. तरी जे उरतं तेवढंच हवं असतं. मंद आचेवर तापवत न्या, धूर दिसला की पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि मग आपोआप गार होऊ द्या. असं तीन-चारदा. इतकं तापलेलं तेल आतल्या आत गुंफलं जातं आणि लोखंडाला धरून बसतं. ते मग तेल राहतच नाही. म्हणून हलक्या साबणाने ते जात नाही. तारेच्या घासणीने जातं, आणि आंबटानेही जातं. म्हणून टोमॅटो आम्लेट दोन महिने बंद. चिंच-कोकमाचं तर नावही काढू नका. थालीपीठ, घावन, धिरडं एवढंच करत राहा. प्रत्येक वेळी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि तापल्या तव्यावर फिरवा. पहिलं घावन फाटेल. आमची आजी ते कावळ्याला घालायची आणि तव्याला काही बोलायची नाही.

एक धोक्याची सूचना: तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका. बीड ठिसूळ असतं, तडकतं. मग साडेतीन किलोचे दोन तुकडे होतात, आणि त्यांचा काहीही उपयोग नसतो.

आता दही. ४३ अंश अगदी बरोबर आहेत, थर्मामीटरचा दोष नाही. पण ते दूध विरजण्याच्या क्षणी ४३ होतं. त्यानंतर पातेलं कुठे होतं? ओट्यावर, खिडकीशेजारी, पुण्याच्या थंडीत, जेव्हा पहाटे पारा १०-१२ वर येतो? तुम्ही निघतानाचा वेग मोजलात आणि घाटभर तोच राहिला असेल असं धरून चाललात. विरजणात जे जिवाणू असतात त्यातले काही दुधातल्या साखरेचे चिकट धागे विणतात. दही थंडीत रेंगाळत लागलं की त्यांचं फावतं. आणि तुम्ही त्याच दह्यातलं विरजण पुन्हा दुसऱ्या दिवशी घालता, म्हणजे त्यांना रोज नवं घर बांधून देता. त्या दह्याला आंबूस सोडून दुसरा कुठला वास नसेल तर ते घुसळून कढी करा, पण विरजण त्यातलं घेऊ नका. शेजारून वाटीभर मागून आणा. थर्मामीटर विकत मिळतो, चांगलं विरजण मागावं लागतं, हे मला त्यातलं फार आवडतं.

नवं विरजण आलं की दूध उकळी आल्यावर लगेच उतरवू नका, बारीक आचेवर पाच-सात मिनिटं राहू द्या. त्याने दुधातली प्रथिनं बदलतात आणि दही घट्ट बसतं. अर्ध्या लिटरला लहान अर्धा चमचा विरजण पुरतं. पातेलं पंचात गुंडाळून झाकणाच्या कुकरमध्ये ठेवा, तळाला थोडं कोमट पाणी घाला. सकाळी तुम्ही हेल्मेट शोधत असाल तेव्हा दही लागलेलं असेल.

सिंहगडावरच्या मडक्यातल्या दह्यासारखं हवं असेल तर कसब्यात कुंभारवाड्यात जाऊन लहान मडकी आणा. मातीची भिंत दह्यातलं पाणी पिते म्हणून ते चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं, आणि बाहेर पाझरलेलं पाणी उडून जाताना त्याला गारवा देतं. बाकी त्या दह्याची निम्मी चव तुम्हीच वर वाहून नेता. थर्मामीटर एकदा गडावर न्या, मजा बघा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, गड सुमारे १,३००. खाली पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, वर ९५-९६ लाच बुडबुडे यायला लागतात. म्हणून तिथे डाळीला जास्त वेळ लागतो. पिठल्याला मात्र काही फरक पडत नसावा, कारण तिथलं पिठलं मी एकदा एसटीने जाऊन आणि उरलेलं चालून खाल्लं होतं आणि एकदा जावयाच्या गाडीतून जाऊन. गाडीतून गेले तेव्हा त्यात मीठ कमी होतं.

तो तरुण. आधी एक भांडण उरकून घेते: बायका जमून खाण्यावर बोलल्या की भिशी, पुरुष बोलले की छंद, हे त्याला कुणी शिकवलं? बाकी त्याचं म्हणणं चूक नाही. पहाटे साडेपाचला उठून आलेल्या मुलाला घाम गाळायचा असतो, आणि तुम्ही खडकवासल्याच्या भिंतीवर हिंगाचा खडा की पूड यावर पाऊण तास घालवता. त्याला पुढे सोडा. सिंहगडाचा घाट आठ-नऊ किलोमीटरचा आहे, तो तुमच्या आधी पोचेल आणि कांदाभजी सांगून ठेवेल. चढावर कुणालाच बोलायला दम नसतो. वर पोचल्यावर पहिला शब्द खाण्याचाच निघतो. चाळिशीत त्यालाही मेतकूट सापडेल.

आणि खरं तर सायकल आणि स्वयंपाकघर यांचं नातं तुम्ही सहा जणांनी शोधलेलं नाही. १९७०च्या दशकात मी नारायण पेठेत वाढले. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत आणि ते खरंही होतं. आमच्या घरी एकच सायकल, वडिलांची, आणि तिच्यावर पाच माणसांचं पोट चालायचं. मंडईतून पिशव्या दोन्ही मुठींना लटकून यायच्या. रॉकेलचा कॅन यायचा. आणि दळण. पत्र्याचा डबा कॅरिअरला दोरीने बांधून मला गिरणीत पाठवलं जायचं, आणि निघताना आई दारातून ओरडायची, "ज्वारीवर टाकू नको म्हणावं!" म्हणजे आधी कुणाची ज्वारी दळली असेल तर आमचा गहू लगेच त्यावर ओतायचा नाही, दुसऱ्या गव्हाची वाट बघायची. मी रांगेत उभी राहून लोकांच्या डब्यांत डोकवायचे आणि गव्हाचं दळण गेलं की पुढे सरकायचे. परत येताना डब्याची ऊब पाठीला लागायची. घरी आल्यावर आई डब्याचं झाकण उघडायची, चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात चोळायची आणि सांगायची, "आज जाड आलंय, चाळण बदलली मेल्याने." दर वेळी. आणि तिचं बरोबर असायचं, कारण त्या दिवशीच्या पोळ्या खरंच वातड व्हायच्या.

तुमच्या थर्मामीटरइतकीच नेमकी होती ती चिमूट. पण तिला कुणी वेड म्हटलं नाही, छंद म्हटलं नाही, मीसुद्धा आत्ता तुम्हाला लिहिताना पहिल्यांदा म्हणतेय. ते रोजचं काम होतं, आणि रोजच्या कामात कुणी किती बारकाईने बघतं हे बघायला कुणी थांबत नाही. तुमच्या बायकोचं फोटोचं वाक्य पुन्हा वाचा. तिला फोटो नकोय.

आता तो कंस. "घरातला जुना लोखंडी तवा सध्या माळ्यावर ठेवलाय." "सध्या" हा शब्द तुम्ही स्वतःच्या समाधानासाठी घातलात. बोहरी आळीतून नवा तवा आला, त्याला जागा हवी होती, म्हणून जुना वर गेला. मग रोजच्या पोळ्या कशावर होतायत? साडेतीन किलोच्या बिडावर. तुम्ही तो रविवारी एकदा उलटवता आणि फोटो काढता. ती रोज उचलते, सरकवते, धुवायला ठेवते, पुन्हा गॅसवर ठेवते. तिचं मनगट दुखतं का हे तुम्ही विचारलंत असं पत्रात कुठे दिसलं नाही. तुमच्यासारखे लोक बाटलीचा पिंजरा घेताना तो किती ग्रॅमचा आहे ते विचारतात, म्हणून मला हे जास्त खटकलं.

आणि समजा वजनाचा प्रश्न नसता, तरी. उद्या कुणी तुमच्या सायकलची सीट काढली, माळ्यावर टाकली आणि दुसरी, "याहून चांगली", बसवली, उंचीसुद्धा व्हिडिओ बघून ठरवली. तुम्ही किती आठवडे धुसफुसाल? चोवीस वर्षांत तो जुना तवा कुठे लवकर तापतो, कुठल्या कडेला पोळी फुगते, हे तिच्या हाताला ठाऊक झालेलं असतं. त्याची कड बहुधा थोडी वाकलेली असेल, तीही ओळखीची. तुम्ही तवा हलवलात तेव्हा ते सगळं माळ्यावर गेलं.

मी हे एवढ्या ठासून लिहितेय कारण मीही हे केलंय. मला लोणच्याचं वेड होतं. एका उन्हाळ्यात कैऱ्या आणल्या, मीठ फोडींच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकं तोलून घेतलं, मोहरी फेसली, बरण्या उन्हात वाळवल्या, आणि मग घरात हुकूम काढला की बरणीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ओला चमचा जाईल, बुरशी येईल. कारण खरं होतं. बुरशी आलीही नाही. पण ऑगस्टमधल्या एका दुपारी आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत होते, "एक फोड घेऊ का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने आणलेल्या कैरीची. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही, उलट शिस्त लागली म्हणून बरं वाटलं. फार उशिरा कळलं की मी त्या माणसाला पाहुणा करून टाकलं होतं. तुमच्याकडे आता पाहुणी कोण आहे ते तुम्हीच बघा.

तर हे पत्र वाचून झालं की स्टूल घ्या आणि तो तवा खाली काढा. जाहीर न करता. धुवा, वाळवा, त्याच्या जुन्या खिळ्यावर अडकवा. तुमच्या बिडाला दुसरीकडे जागा करा, आणि ती जागा तिचे डबे हलवून मिळवू नका. बीड तुम्हीच घासायचं, त्याच रात्री, कितीही दमला असलात तरी. मावशींच्या टबात ते पुन्हा दिसता कामा नये. मावशींना तुम्ही स्वतः सांगा की परवा बोललो ते चुकलं. बायकोमार्फत नको. त्यांनी एवढा जड तवा पांढरा केला याचा अर्थ त्यांनी काम चोख केलं, आणि तुम्ही त्यांना न सांगितलेला नियम मोडल्याबद्दल झापलंत.

आणखी एक, जे तुम्हाला आवडणार नाही. बुधवारचा स्वयंपाक तुम्ही करा. रविवारचा नको, रविवारचं सगळ्यांनाच जमतं. बुधवारी हिंजवडीहून पावणेदोन तास वाहतुकीत काढून आल्यावर, भूक लागलेली, घरात मेथीची एक जुडी आणि दोन बटाटे. वरण, भात, भाजी, पोळ्या. ओटा पुसून, दुधाचं पातेलं धुऊन, उद्याचं कडधान्य भिजत घालूनच झोपायचं. तिच्या जुन्या तव्यावर पोळ्या करा, म्हणजे कुठली कड लवकर तापते ते कळेल, आणि नाही कळलं तर तिला विचारा. फोटो नको. ग्रुपवर सांगायचं नाही. महिनाभर बघा काय होतं. काहीच झालं नाही तरी चार बुधवार तिला सुटी मिळालेली असेल.

तिलाही सायकलच्या ग्रुपमध्ये घेऊन जा असं लिहिणार होते, लिहिलं आणि खोडलं. रविवारी पहाटे साडेपाचपासून दहा-अकरापर्यंत घर तिच्या एकटीचं असतं. चहा तिच्या वेळेला, पेपर पहिल्यांदा तिच्या हातात. ते तिच्याकडून काढून घेऊ नका. ती येते म्हणाली तर गोष्ट वेगळी.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, गुन्हा नाही. तांदूळवाल्या मित्राकडून या वर्षीचा इंद्रायणी मिळाला तर त्याचा मऊ भात करा, वर घरचं तूप आणि ते मेतकूट घाला. इंद्रायणी १९८७ सालचा वाण, आंबेमोहराच्या घराण्यातला, शिजताना वास शेजारी जातो. विरजण मागायला त्याच वेळी जाऊ नका, शेजारीण जेवायला थांबेल.

ता. क. तुमच्या मैत्रिणीच्या मेतकुटात मेथ्या किती आणि त्या किती भाजते, हे विचारून कळवा. माझं दोन वेळा कडू झालंय, आणि हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.